बाबांचे दात, आमचा शिक्का

१२ फेब्रुवारी

विमानाला उशीर आहे. कॉफी पिऊन झाली, दुकानांतून उगाच फिरून झालं, शेजारच्या बाईच्या बाळाला वेडावूनही झालं. आता लिहिण्यावाचून करायला काही उरलं नाही.

मी का चालले आहे ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे डोकं धरून बसायची वेळ आली तर कारण तरी सापडेल. बाबांची कवळी सैल झाली आहे. बस, एवढंच. वरची बोलताना खाली येते, खालची जेवताना सरकते. आता आमच्या शहरात दातांचे डॉक्टर काय संपलेत? पण बाबांनी फोनवर हट्टच धरला. "तुझ्या हातचे दात सोडून मला कुणाचे बसत नाहीत. तूच येऊन करून दे." सत्तरी उलटलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

वकीलबाईंना मात्र हे पटलेलं नाही. कायमच्या राहण्याचा व्हिसा, म्हणजे ज्याला आमच्या घरात सगळे नुसतं 'शिक्का' म्हणतात, तो अगदी शेवटच्या टप्प्यावर आहे. अशा वेळी देशाबाहेर जाणं म्हणजे विषाची परीक्षा, असं त्यांनी आजही बजावलं. जाऊन यायची परवानगी मिळाली आहे, पण शेवटची मुलाखत कधी लागेल त्याचा नेम नाही. त्या दिवशी मूळ अर्जदार, म्हणजे मी, समोर उभी नसले तर फाइल बंद. माझ्याबरोबर नवऱ्याचा आणि आमच्या लेकीचा, ठकीचाही गाशा गुंडाळला जाणार, कारण त्या दोघांचं तिथलं राहणं माझ्या कामावर टांगलेलं आहे. कवळ्या करणारे हात तिकडे कमी पडतात म्हणून तर आम्हाला घेतलं. इतक्या वर्षांची सगळी उस्तवार एका कवळीपायी पणाला लावून मी निघाले आहे.

नवल वाटतं ते नवऱ्याचं. हा माणूस दुधाच्या बाटलीवरची तारीख तीनतीनदा वाचणारा. तोच म्हणाला, "जाऊन ये. ठकीचं मी बघतो." सासऱ्या-जावयाचं कधी सूत जुळलेलं मी पाहिलं नाही. मी विचारलं, "बाबांच्या दातांचा तुला एवढा कळवळा कधीपासून?" तर माझ्या बॅगेची चेन लावत म्हणाला, "म्हातारं माणूस आहे. खाता आलं पाहिजे." बरं बाई. माणसं सुधारतात.

१४ फेब्रुवारी

पोचले. बाबांनी डोक्याचा चकोट केलाय! म्हणाले, "केस उरले होते किती? उगाच न्हाव्याची भर." वाळलेतही बरेच. दात नसले की हे असंच होतं, माणूस चावायचा कंटाळा करतो आणि पातळ पिऊन दिवस काढतो. वहिनीला विचारलं, "वहिनी, आधी का नाही कळवलंत?" तर ती कांदा चिरत होती, डोळे पुसत म्हणाली, "परवापरवापर्यंत बरे होते हो, ताई."

दादा पाणीपुरवठा खात्यात आहे. तो आधीच मितभाषी, आता तर तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा वावरतो. बाबांची कॉट मधल्या खोलीतून काढून बाथरूमला लागून असलेल्या खोलीत नेली आहे. तिथे वारा चांगला येतो म्हणे. मला तर खिडकीला जाळी आणि जाळीपलीकडे शेजारच्या इमारतीची भिंत दिसली. पण घर त्यांचं. आपण पाहुण्यासारखं राहावं.

बाबा मात्र खुशीत होते. मी बॅग उघडत होते तर मघापासून दारात खुर्ची टाकून नुसते बघत बसले होते. मी म्हटलं, "काय बघताय?" म्हणाले, "काही नाही. तू घडी अजून तुझ्या आईसारखीच घालतेस."

१६ फेब्रुवारी

लॅबवाल्या काकांकडून मापाचा ट्रे आणि पेस्ट आणून स्वयंपाकघरात बाबांच्या जबड्याचं माप घेतलं. तिकडे मी कुणाच्या तोंडात बोट घालत नाही, तो मान डॉक्टरचा. माझ्याकडे येतो तो नुसता प्लास्टरचा जबडा. तो कुरकुर करत नाही, त्याला उबळ येत नाही. बाबांना ट्रे तोंडात जाताच अशी उबळ आली की वहिनी धावत तसराळं घेऊन आली. तिच्या हाताशी ते कसं काय होतं कोण जाणे. मी बाबांना म्हटलं, "लहानपणी मला औषध पाजताना नाक धरायचात ना, आता भोगा." ते ट्रे तोंडात ठेवूनच हसले आणि माप बिघडवलं. दुसरं घ्यावं लागलं.

मग माप घेऊन काकांच्या लॅबमध्ये गेले. मी काम शिकले ती हीच लॅब. तेच बुटकं स्टूल, तोच मेणाचा वास, तीच फुर्र फुर्र करणारी पॉलिशची मोटर. बाबांच्या मागच्या कवळीचा साचा काकांनी फळीवर जपून ठेवला होता. त्याच्या शेजारी नवा ठेवला, तर नव्यात हिरड्या चांगल्याच खाली बसलेल्या. मी म्हटलं, "काका, तुमची मापाची पेस्ट जुनी झाली. आकसली बघा."

काकांनी दोन्ही साचे हातात घेऊन बराच वेळ फिरवले. मग विचारलं, "बाबांचं वजन किती उतरलं गं?"

"वजनाचं काय काढता? हिरडीचं बघा."

"बरं, बरं," म्हणाले आणि साचे खाली ठेवले. काकांचं वय झालं. पूर्वी असे मुद्दा सोडून बोलायचे नाहीत.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

दादा बाबांना घेऊन सकाळीच बाहेर पडला, पेन्शनचं काही काम आहे म्हणाला. दिवेलागणीला परत आले. बाबांचा चेहरा पिठासारखा झालेला आणि हाताच्या पाठीवर कापसाची चिकटपट्टी. विचारलं तर म्हणाले, "जाता जाता शुगर तपासली." मी म्हटलं, "शुगर बोटातून तपासतात." दादा म्हणाला, "हल्ली इथे अशीच घेतात." असेल बाई.

२४ फेब्रुवारी

झाली कवळी! स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण अशी बसली आहे की बस. बाबांना आरशापुढे नेलं. त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, मग मोठ्यांदा "शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव" म्हणून दाखवलं. कवळी हलली नाही. सफरचंदाच्या दोन फोडी कराकरा चावून खाल्ल्या. वहिनी टाळ्या वाजवत होती, दादाही हसला. मी आल्यापासून पहिल्यांदाच घर घरासारखं वाटलं. लगेच नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर हा विचारतो, "दोनच फोडी? अजून काय खाल्लं?" डॉक्टर झालाय माझा.

आता परतीचं तिकीट बघायला हरकत नाही. पण बाबा म्हणाले, "थांब की जरा. कुठे दुखलंखुपलं तर कुणाकडे जाऊ?" थांबते थोडी. वकीलबाईंकडून अजून हाक नाही.

२ मार्च

कवळी पुन्हा सैल.

हे होणंच शक्य नाही. पाच-सहा दिवसांत हिरडी अशी उतरते होय? मी रडकुंडीला आले. नवी पेस्ट आणून पुन्हा माप घेतलं होतं, प्लास्टर मी स्वतः कालवलं होतं. मग चुकलं कुठे? आतून थर देऊन पुन्हा घट्ट केली. बाबा म्हणाले, "राहू दे गं, मला चालते आहे." चालते कुठली? दोन घास खाऊन ताट बाजूला सारतात आणि माझ्या हातच्या कवळीची अब्रू जाते. माझा हात बिघडला असेल का? तिकडे सगळं यंत्रावर करायची सवय लागली, बोटांना अंदाज राहिला नाही, हेच खरं. शिक्क्याच्या मुलाखतीत मी 'कुशल कारागीर' म्हणून उभी राहणार, आणि सख्ख्या बापाच्या तोंडात माझं काम टिकत नाही.

७ मार्च, मंगळवार

आज पुन्हा 'पेन्शनचं काम'. दर मंगळवारी? मी बरोबर येते म्हटलं तर दादा चक्क खेकसला. "तू तिथे काय करणार? घरी बस." मला? घरी बस?

दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या नणंदेची गोष्ट सांगितली. ती परदेशात होती, तेवढ्यात भावांनी म्हाताऱ्याला नोंदणी कचेरीत फेऱ्या मारायला लावून घर आपल्या नावावर करून घेतलं. बिचारीला पत्ता लागला तो सगळं उरकल्यावर. काकूंनी काही सुचवलं नाही हो, नुसती गोष्ट सांगितली. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दादाची रजा. बाबांचा इस्त्रीचा शर्ट. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की थांबणारं बोलणं. बाबांची वाकलेली मान. मी त्यांच्या दातांची काळजी करते आहे आणि इकडे माझ्या पाठीमागे हे चाललंय!

मला घर नकोय. खरंच नकोय. माझं घर तिकडे होणार आहे. पण लपवायचं कशाला? मी काय परकी आहे?

९ मार्च

तोंड फुटलं. माझंच फुटलं.

जेवताना दादाला विचारलं, "मंगळवारी कुठे जाता ते सांग. पेन्शनचं सांगू नकोस." तो ताटात बघत बसला. मी म्हटलं, "घर पाहिजे ना? घ्या. उचलून घ्या. पण चोरासारखं कशाला?" वहिनीच्या हातातली वाटी पडली. "ताई, काय बोलताय? असं नाही हो, अहो तसं नाही..." आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. मला वाटलं, पकडली गेली म्हणून रडते.

दादा खुर्ची मागे सारून उठला. "बास झालं. बाबा, मी सांगतो हिला."

"तू खाली बस," बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं आहे तुझं. घर त्याच्या नावावर करतो आहे. तू राहणार तिकडे, इथे माझं करतो तो. हरकत आहे तुझी?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ताट उचललं, धुतलं, आणि खोलीत आले. दादा गॅलरीत जाऊन उभा राहिला, वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. जिंकलेल्या माणसांचे चेहरे असे का असतात ते मला समजलं नाही. इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. बाबांनी नुसतं विचारलं असतं तरी मी हसत सही करून दिली असती.

१३ मार्च

वकीलबाईंचा फोन. मुलाखत तेवीस तारखेला. हजर नसाल तर मी काही करू शकणार नाही, असं स्वच्छ सांगितलं.

मला वाटलं होतं, बाबा निदान 'इतक्या लवकर?' तरी म्हणतील. ते तर उठून बसले. चेहऱ्यावर अशी काही टवटवी आली की बघत राहावं. "लागली? तारीख लागली? दादा, हिचं तिकीट काढ. आजच काढ." दादाने उभ्याउभ्या फोनवर काढलं. वहिनीने माझे कपडे दोरीवरून आणून घड्या घालायला घेतल्या. मला घालवायची एवढी घाई! आता माझी अडचण होत असणार. ठीक आहे. आपणही दगड व्हायचं.

१६ मार्च

विमानतळावर.

जायच्या आधी कवळीला पुन्हा थर दिला, दुसऱ्यांदा. अबोला धरला तरी काम ते काम. बाबांनी दात घातले, हसून दाखवलं. "नीट बसली," म्हणाले. बोलताना वरची हलत होती, मला दिसत होतं.

दारापर्यंत येतो म्हणाले. दादा धरायला आला तर त्याचा हात बाजूला केला आणि भिंतीला धरून एकटे आले. "घराचं मनाला लावून घेऊ नकोस," म्हणाले.

मी म्हटलं, "मी कशाला लावून घेऊ? तुमचं घर, तुम्ही जाणा."

ते म्हणाले, "तुझं काम होऊ दे. तू, जावई, ठकी, तिघं एका जागी पक्की झालात की मला बाकी काही नको."

मी वाकून नमस्कार केला आणि निघाले. जिन्याच्या वळणावर वर पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. गाडीत बसल्यावर लगेच वाटलं, परत जावं. पण रस्त्यात गर्दी होती आणि विमान काही माझी वाट बघत थांबणार नव्हतं.

२० मार्च

ठकी मानेला लटकून आहे, खाली उतरायला तयार नाही. लॅबमध्ये जबड्यांचा ढीग साचलाय. मालकीणबाई म्हणाल्या, बरं झालं आलीस, तुझ्याशिवाय रंगाचं कुणाला जमत नाही. बरं वाटलं. म्हणजे माझा हात बिघडलेला नाही. मग बाबांच्या कवळीचं झालं काय?

नवऱ्याला घराचं सगळं सांगितलं. मला वाटलं, हा तरी माझी बाजू घेईल, दादाला चार शिव्या घालेल. तर हा मध्येच कचरा टाकून येतो म्हणून खाली गेला. किती वेळ खाली होता! वर आला तर डोळे लाल. थंडी आहे म्हणाला.

बाबांना फोन केला तर वहिनीने उचलला. "झोपलेत." मग थोड्या वेळाने केला तर पुन्हा झोपलेले. रागावले असतील. रागावू देत. मीच वाईट बोलले. शिक्का बसला की सगळ्यांत आधी त्यांना फोन करीन आणि सांगीन, बाबा, घर दादाला दिलंत ते बरं केलंत, मीच खुळी. सुट्टी मिळाली की पुन्हा येते आणि नवी कवळी करते. शिक्का असला की कुणाची परवानगी काढायला नको, मनात आलं की निघायचं.

२२ मार्च

उद्या मुलाखत. आज संध्याकाळपासून नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय. कामावरून लवकर आला. बाथरूममध्ये नळ सोडून फोनवर बोलत होता. बाहेर आला तो तोंड धुतलेलं. मी विचारलं, "कुणाचा फोन?" म्हणाला, "कामाचा." मग माझे उद्याचे कपडे त्याने इस्त्री केले. ह्याने! इस्त्री कुठे ठेवलेली असते ते ह्याला ठाऊक होतं, हेच मला नवीन.

मला बाबांशी बोलायचं होतं, उद्या जाण्याआधी त्यांचा आशीर्वाद घ्यावा म्हणून. तर माझा फोनच काढून घेतला. "आज कुणाशी बोलू नकोस. डोकं शांत ठेव. उद्या नीट उत्तरं दे, बाकी सगळं उद्या दुपारनंतर." ठकीला जवळ घेऊन बसला आहे, तिला झोप आली तरी सोडत नाही. मुलाखत माझी आणि धास्ती ह्याला.

२३ मार्च

झालं! झालं! झालं!

तिसऱ्या मजल्यावर, मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. अधिकारी बाई माझ्यापेक्षाही लहान असेल. काम विचारलं, ठकीची शाळा विचारली. देशाबाहेर कशाला गेला होतात म्हणाली. वडिलांचे दात करायला, असं सांगितलं तर हसली. मग विचारलं, "आईवडील आहेत?" मी म्हटलं, "आई नाही. वडील आहेत." तिने ते लिहून घेतलं. माहिती खरी आहे म्हणून सही घेतली आणि शिक्का मारला. इतकाच आवाज. इतक्या वर्षांचा जीव ह्या एवढ्याशा आवाजात अडकला होता.

नवऱ्याने सकाळी फोन परत दिला तो बंद करून. आत बंदच लागतो म्हणाला. आता चालू केला आणि ठरवल्याप्रमाणे आधी बाबांना लावला. दादाने उचलला.

मी म्हटलं, "दादा, बाबांना दे."

तो म्हणाला, "झालं का काम?"

"झालं."

"नक्की? शिक्का बसला? आता कुणी परत घेणार नाही ना?"

"नाही रे. बाबांना दे ना फोन."

मागे खूप माणसं बोलत होती. आमच्या घरात एवढी माणसं कधी नसतात. दादा म्हणाला, "तू खाली जा. तो उभा असेल." आणि फोन ठेवला. कुणी बोलत असताना दादा मध्येच फोन ठेवत नाही.

खिडकीतून खाली पाहिलं. हा खरंच उभा आहे. ठकी शाळेच्या कपड्यांत आहे, तिला वर्गातून उठवून आणलेलं दिसतंय. पायाशी माझी प्रवासाची बॅग आहे, ठकीचीही छोटी आहे. आज कुठे जायचंय आम्हाला? मला कुणी काही सांगितलेलं नाही.

खाली जायला हवं. लिहायचं थांबलं की उठावं लागेल, म्हणून लिहिते आहे. बाकाशेजारी पाण्याचं यंत्र आहे. त्याच्यावर कागदी पेले आहेत. एक माणूस पाणी भरून घेतो आहे. त्याने मला पाणी हवं का विचारलं. मी नको म्हटलं.

ठकीला मी खिडकीत दिसले. तिने उड्या मारत हात हलवला. ह्याने वर पाहिलं आणि तिचा हात धरून हळूच खाली घेतला.